‘बाहेरून कुलूप लावून कामावर गेलं तर चालेल का?’

“मॅडम, सासऱ्यांना आत ठेवून बाहेरून कुलूप लावलं तर पाप लागेल का हो?” चिंचवडच्या एका सूनबाईंनी खुर्चीत बसता बसताच विचारलं. डिमेन्शियाचे, म्हणजे स्मृतिभ्रंशाचे, पेशंट घरी असलेले बरेच जण हेच विचारतात, फक्त शब्द वेगळे असतात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

सासरे ७६ वर्षांचे, एसटीतले निवृत्त कंडक्टर. अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचाच एक प्रकार. घरात गुडघ्यांनी अडलेल्या सासूबाई, मुलगा-सून दोघं नोकरीला. काका निघून जायचे आणि बहुतेक वेळा बसस्टॉपवर सापडायचे.

पापाचं मला सांगता येत नाही, पण कुलपाला माझा नकार होता. आत गॅस आहे. काका बाथरूममध्ये पडले तर सासूबाई शेजाऱ्यांना आत तरी कशा घेणार? धडधाकट माणूस घरात असताना आतून उंचावर जास्तीची कडी लावणं वेगळं. ती लावाच. नेहमीची कडी हात आपोआप काढतो, वरची सहसा लक्षात येत नाही.

पण त्याआधी मी त्यांना एक वही घालायला लावली. काका कधी उठतात, काय म्हणतात, त्याआधी काय झालेलं असतं. वहीत पहाटे साडेचार आणि संध्याकाळी पाच या वेळा पुन्हा पुन्हा आल्या. पहाटे ते लघवीला उठायचे. परतताना दाराशी चपला आणि खुंटीवरची पिशवी दिसली, की ड्युटी सुरू! मुलगा ओरडायचा, “बाबा, रिटायर होऊन अठरा वर्षं झाली!” काका आणखी चिडायचे, कारण त्यांच्या हिशेबी पहिली गाडी चुकत होती.

चपला-पिशवी कपाटात गेली. संडासाचा दिवा रात्रभर चालू राहू लागला. दारावर भिंतीच्या रंगाचा पडदा आला आणि दार उघडलं की वाजणारी छोटी बॅटरीची घंटी. सासूबाईंना सांगितलं, वाद घालू नका, “पहिली गाडी कुठली होती हो?” असं विचारा. मग मुक्कामी गाडी, वे-बिल, घाटात बंद पडलेलं इंजिन, असं सगळं निघायचं आणि तोवर चहा व्हायचा. हे खोटं बोलणं नव्हे का, असं त्यांनी विचारलं. मला तरी तसं वाटत नाही.

संध्याकाळची घालमेल या आजारात फार जणांना होते. दुपारची झोप कमी केली, अंधारायच्या आत दिवे लावले, साडेचारला नातवाबरोबर फेरी सुरू झाली. पूर्ण थांबलं नाही, कमी झालं. एका आठवड्यात अचानक वाढलं तेव्हा मी आधी डॉक्टरांकडे पाठवलं. लघवीचा संसर्ग निघाला. बद्धकोष्ठता, दुखणं, नवं औषध यांनीही असं होतं. आणि झोपेची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नये, म्हातारं माणूस तिने पडतं.

ओळखपत्र गळ्यात घालायला काका तयार नव्हते. सुनेनेच युक्ती काढली: कंडक्टरच्या बिल्ल्यासारखं कार्ड करून खिशावर लावलं. ते मात्र त्यांनी एकदाही काढलं नाही! त्यावर नाव, ‘स्मृतीचा आजार आहे’ आणि दोन फोन नंबर. पत्ता नको, कार्ड कोणाच्याही हाती पडू शकतं.

सगळ्यात अवघड गेलं ते मुलाला. ‘लोकांना कशाला सांगायचं?’ शेवटी वॉचमन, किराणावाला आणि कोपऱ्यावरचे रिक्षावाले यांना सांगितलं. पुढच्या वेळी काका स्टॉपवर लोकांकडे तिकिटाचे पैसे मागत उभे होते, तेव्हा फोन रिक्षावाल्याचाच आला.

माणूस दिसेनासा झाला तर घर, गच्ची, जिना आणि पार्किंग लगेच पाहा. जवळ विहीर, नाला किंवा रेल्वेरूळ असेल तर एकाला आधी तिकडेच पाठवा. पंधरा मिनिटांत सापडला नाही तर ११२ ला फोन करा. चोवीस तास थांबावं लागतं ही समजूत चुकीची आहे. त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो हाताशी असला तर शोध सोपा होतो, म्हणून सूनबाई आता रोज सकाळी चहाच्या वेळी एक काढतात. मुलाने जीपीएसचं घड्याळही आणलंय. ते चार्ज करायची जबाबदारी मी त्याच्याच गळ्यात घातली.