पाच हजारांत पाचशे बॅकलिंक्स घेऊ का?

नका घेऊ. इतवारीत साओजी मसाल्याचं दुकान, नवी वेबसाइट आणि 'पाच हजारांत पाचशे बॅकलिंक्स, महिन्यात पहिल्या पानावर' म्हणणारा एजन्सीवाला, एवढं तुम्ही लिहिलंय. बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या साइटवरून तुमच्या साइटकडे येणारी लिंक; गुगलच्या शोधातला क्रमांक, म्हणजे रँक, ठरवताना ती बघितली जाते. मी नागपुरातल्या लहान व्यापाऱ्यांच्या वेबसाइट्स सांभाळतो, त्यांनाही असे फोन येतच असतात.

रँक वाढवायला लिंक विकत घेणं गुगलच्या नियमांत बसत नाही. २०१२ च्या पेंग्विन अपडेटनंतर (गुगलने शोधात केलेला, बनावट लिंक्स पकडणारा बदल) अशा साइट्स सरळ खाली जायच्या. २०१६ पासून गुगल बहुतेक वेळा त्या लिंक्स मोजतच नाही, म्हणजे पाच हजार पाण्यात. प्रकार फारच उघड असला तर मात्र गुगलचे लोक स्वतः तपासून कारवाई ('मॅन्युअल ॲक्शन') करतात, आणि ती निस्तरता निस्तरता जीव जातो.

लिंक मागायची ती तुम्हाला आधीच ओळखणाऱ्यांकडे. तुमचा मसाला कोण कोण नेतं? एखादी खानावळ, केटरर, पेंचकडचा रिसॉर्ट? त्यांची वेबसाइट असेल तर मेन्यूच्या पानावर 'मसाला इतवारीच्या अमुक दुकानाचा' एवढी ओळ आणि त्यावर लिंक, बस. ईमेल पाठवू नका, कोणी वाचत नाही. माल पोचवायला जाल तेव्हा म्हणा, 'भाऊ, एवढं टाकून द्या ना.' लिंकवर दुकानाचं नावच असू द्या. सगळीकडे 'बेस्ट साओजी मसाला नागपूर' दिसलं की बनाव कळतो. नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्सचे किंवा तुमच्या बाजारातल्या संघटनेचे सभासद असाल, तर साइटवर सभासदांची यादी टाकतात का तेही विचारा.

पण नुसत्या दरपत्रकाला कोण कशाला लिंक देईल? भिवापुरी मिरची वापरत असाल तर तिच्यावर एक पान लिहा. आपल्याच जिल्ह्यातली, जीआय मानांकन मिळालेली मिरची. वाळवणाचे फोटो, अस्सल कशी ओळखायची, रंग किती नि तिखट किती, साओजी मसाल्यात ती काय काम करते. तुम्हाला हे तोंडपाठ असणार, पण दुकानदाराने स्वतः लिहिलेलं असं काही क्वचितच वाचायला मिळतं. पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, घरोघरी मटण शिजतं. त्याच्या आठ-दहा दिवस आधी हे पान स्थानिक पत्रकारांना आणि खाण्यावर लिहिणाऱ्यांना पाठवा. त्यांनाही तेव्हा विषय हवाच असतो.

कॉलेजच्या कार्यक्रमाला पैसे देऊन लिंक मिळत असेल तर तिच्या कोडमध्ये 'स्पॉन्सर्ड' (पैसे देऊन घेतलेली) ही खूण लावायला सांगा. गुगलने ती सोय २०१९ मध्ये केली. रँकसाठी तिचा हिशेब धरू नका. पोरं दुकानात आली तर तो फायदा निराळा.

आणि हे सगळं करायच्या आधी गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगलच्या नकाशावर दिसणारी दुकानाची माहिती, नीट भरा. नाव, पत्ता, फोन वेबसाइटवर, जस्टडायलवर, सगळीकडे एकसारखा हवा. गांधीबागेत उभं राहून कोणी 'साओजी मसाला' शोधला तर बहुधा आधी नकाशाच दिसतो. तिथे गुगल तीन गोष्टी बघतं: शोधाशी जुळणी, अंतर आणि दुकानाची प्रसिद्धी. अंतर आपल्या हातात नाही, पण प्रसिद्धीत लिंक्सही येतात आणि गिऱ्हाइकांचे रिव्ह्यूही.

लिंक कोणी दिल्या ते सर्च कन्सोल या गुगलच्याच साधनात फुकट दिसतं. तिथे कसल्यातरी परदेशी जुगाराच्या साइट्स दिसल्या तर घाबरू नका, अशा लिंक्स सगळ्यांनाच चिकटतात. 'मॅन्युअल ॲक्शन'ची नोटीस आलेली नसेल, तर त्या साफ करून देण्याचेही पैसे कोणाला देऊ नका.