जीआयएसचे शब्द पाठ आहेत, तरी मुलाखतीत अडलं

प्रश्न : माझी मुलगी इंदूरला बी.एस्सी. भूगोलच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे जीआयएस (संगणकावर नकाशे आणि ठिकाणांची माहिती हाताळणं) करायचं म्हणते. डेटम, प्रोजेक्शन, रास्टर, वेक्टर असे शब्द वहीभर लिहून पाठ करते. परवा इंटर्नशिपच्या मुलाखतीत डेटमची व्याख्या तिने घडाघडा सांगितली, पण ‘तुझ्या लेयरचा सीआरएस कोणता होता आणि तोच का घेतलास?’ असं विचारल्यावर गप्प झाली. आता म्हणते, मला हे जमणार नाही. तिने बी.एड. करावं का?
– एक आई, इंदूर

ताई, नमस्कार.

बी.एड.चा विचार इतक्यात नको. मुलीची मेहनत कमी पडलेली नाही, ती चुकीच्या जागी खर्च होते आहे. मुलाखतीतला प्रश्न मला रास्त वाटतो, कारण या कामात रोज अडायला होतं ते तिथेच. कुठल्याही नकाशामागे काही गोष्टी आधी ठरलेल्या असतात : पृथ्वीचा आकार कोणता आणि कुठे टेकवून धरला (डेटम), ती कागदावर सपाट कशी केली (प्रोजेक्शन), मोजमाप अंशांत आहे की मीटरमध्ये. हे सगळं मिळून त्या लेयरचा, म्हणजे नकाशाच्या एका थराचा, सीआरएस (कोऑर्डिनेट रेफरन्स सिस्टिम). एवढं पक्कं झालं की तिच्या वहीतले निम्मे शब्द आपोआप जागेवर बसतील.

त्यासाठी तिला इंदूरचा सिरपूर तलाव मोजायला लावा. क्यूजीआयएस हे जीआयएसचं सॉफ्टवेअर फुकट आहे, सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रंही फुकट मिळतात. पावसाळ्यानंतरचं एक चित्र घेऊन तलावाच्या काठाकाठाने पॉलिगॉन (बंद आकृती) काढायचा आणि त्याचं क्षेत्रफळ तीन वेगवेगळ्या सीआरएसमध्ये काढायचं. प्रत्येक सीआरएसला एक क्रमांक असतो. ४३२६ मध्ये उत्तर चौरस अंशांत येईल, म्हणजे कुणाच्याच कामाचं नाही. ३८५७ मध्ये, जे वेबवरच्या बहुतेक नकाशांना असतं, इंदूरच्या अक्षांशावर क्षेत्रफळ सुमारे १८ टक्के फुगून येईल. ३२६४३ मध्ये, म्हणजे यूटीएमच्या (पृथ्वीला उभ्या पट्ट्यांत वाटून मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीच्या) ४३ उत्तर झोनमध्ये, ते खऱ्याच्या अगदी जवळ येईल.

इथे दोन ठिकाणी मुलं हमखास घसरतात. एक, ‘सेट लेयर सीआरएस’ केल्याने फक्त लेबल बदलतं, आतले आकडे तेच राहतात; लेयर खरोखर बदलायचा तर तो रीप्रोजेक्ट करावा, म्हणजे आतले आकडेही नव्या सीआरएसमध्ये आणावे लागतात. दुसरं, क्षेत्रफळ काढताना डॉलरचं चिन्ह असलेलं एरिया वापरू नये. प्रोजेक्टला इलिप्सॉइड (पृथ्वीचा किंचित चपटा आकार) लावलेला असेल तर ते त्यावरच हिशेब करतं आणि तिन्ही उत्तरं जवळपास सारखी येतात. साधं एरिया फंक्शन वापरलं की फरक डोळ्यांसमोर येतो.

मग तिला विचारा, हेच काम ग्वाल्हेरचं असतं तर? यूटीएमचा प्रत्येक झोन ६ अंशांचा. आपलं इंदूर ७५.८६ पूर्व रेखांशावर, म्हणून ४३ मध्ये. ग्वाल्हेर ७८ अंशांच्या जरासं पूर्वेला, म्हणून ४४ मध्ये. एकाच राज्यातली दोन शहरं आणि झोन वेगळे. हे तिने स्वतः शोधून काढलं की ‘तोच का घेतलास’ याचं उत्तर तिला पाठ करावं लागणार नाही.

डेटमही असाच हाताने शिकावा. सर्वे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीट (भूभागाचे तपशीलवार नकाशे) जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या इलिप्सॉइडवर आहेत आणि त्या मोजणीचा मूळ बिंदू आपल्याच मध्य प्रदेशात, सिरोंजजवळच्या कल्याणपूरला आहे. आजचं जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस ८४ या डेटमवर. जुनी शीट तशीच ८४ समजून जिओरेफरन्स केली, म्हणजे जमिनीवरच्या जागेला जोडली, की नदी शेजारच्या वस्तीवर सरकलेली दिसते. ही गोष्ट मुलीला माहीत असायलाच हवी. आपल्या मातीतली आहे म्हणूनही मला ती विशेष वाटते.

रास्टर-वेक्टरसाठी वेगळा अभ्यास नको. सेंटिनेलचं चौकोनी पिक्सेलचं चित्र म्हणजे रास्टर, तिने रेषेने काढलेला काठ म्हणजे वेक्टर. चित्राचा एक पिक्सेल १० मीटरचा, तेव्हा काठावर १०० चौरस मीटरचा चौकोन पाण्यात धरायचा की जमिनीत, हे तिलाच ठरवावं लागेल. त्यातून रिझोल्यूशन, म्हणजे चित्रात किती बारीक दिसतं ते, समजेल. बफर, ओव्हरले, टोपॉलॉजी हे शब्द कामाच्या ओघात येतील.

कामाचं म्हणाल, तर या क्षेत्राला बरे दिवस आहेत असं मी विचारपूर्वक सांगते. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय कंपन्यांना नकाशे बनवण्यासाठी लागणाऱ्या पूर्वपरवानग्या काढून टाकल्या, २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आलं. स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होते. खसरा (जमिनीचा गट क्रमांक) आणि पटवारी नक्शा समजणारी, वर क्यूजीआयएस येणारी मुलगी अशा कामात उपयोगी पडते. हिंदी पट्ट्यात वाढल्याचा तिला इथे फायदाच आहे.

शिक्षणासाठी जिओइन्फर्मेटिक्समध्ये (जीआयएसच्याच विषयात) एम.एस्सी. करू द्या, पुण्यात चांगली सोय आहे. त्याआधी डेहराडूनच्या आयआयआरएस या सुदूर संवेदन संस्थेचे मोफत ऑनलाइन कोर्स तिने आत्तापासूनच लावावेत. गेट या प्रवेश परीक्षेत २०२२ पासून जिओमॅटिक्सचा (मोजणी आणि नकाशाशास्त्राचा) स्वतंत्र पेपर आहे, पण त्याचा विचार एम.एस्सी.ला गेल्यावर.

आणि महागड्या लॅपटॉपची घाई करू नका. या अभ्यासाला ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप चालतो. तलावाची तिन्ही उत्तरं आणि प्रत्येकापुढे दोन ओळी कारण, असं एक पान तयार झालं की मला जरूर पाठवायला सांगा. पुढच्या मुलाखतीला ते तिने सोबत न्यावं.