रात्री सरकत जाणारा उपग्रह आकाशाच्या मध्येच दिसेनासा का होतो?

तो पृथ्वीच्या सावलीत शिरतो, म्हणून. उपग्रहाला स्वतःचा उजेड नसतो. आपल्याला दिसतं ते त्याच्यावरून परावर्तित होणारं ऊन. आपल्याकडे सूर्य मावळला तरी सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरच्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर ऊन असतंच. संध्याकाळी पृथ्वीची सावली पूर्वेकडून वर चढत जाते, त्यामुळे पश्चिमेकडून पूर्वेकडे निघालेला उपग्रह क्षितिज गाठायच्या आतच विझतो. पहाटे नेमकं उलट: सावली पश्चिमेला असते आणि रिकाम्या आकाशात एक ठिपका अचानक उजळतो (हे बघायला जास्त मजा येते). दुर्बिणीतून पाहिलंत तर स्थानक विझण्याआधी काही सेकंद तांबूस होताना दिसेल. त्या वेळी त्याच्यावर पडणारा उजेड आपल्या वातावरणातून गाळून आलेला असतो, मावळतीला असतो तसा.

मात्र ठिपका विझून पुन्हा पुन्हा उजळत असेल तर ती सावली नव्हे. बहुतेक वेळा तो गिरक्या घेत फिरणारा, वापरून झालेला रॉकेटचा टप्पा असतो. आणि लाल-हिरवे दिवे लुकलुकत असतील तर ते सरळ विमान.