उभ्या गाडीची बॅटरी कोण खातं?

प्रश्न : चौदा महिन्यांपूर्वी ऑटोमॅटिक गाडी घेतली. मी निवृत्त आहे, त्यामुळे गाडी निघते ती बँक आणि बाजारापुरतीच. चार दिवस उभी राहिली की बटण दाबल्यावर नुसतं कटकट वाजतं आणि डॅशबोर्ड लुकलुकून विझतो. सर्व्हिस सेंटरने एकदा बॅटरी बदलून दिली, पण दोन महिन्यांत पुन्हा तेच. आता म्हणतात, “कंपनीकडून सॉफ्टवेअर अपडेट येणार आहे, तोवर रोज थोडी चालवत जा.” याला पाच महिने झाले. काय करू? — एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, गाडी तुमच्यासाठी आहे, तुम्ही गाडीसाठी नाही. बॅटरी उतरू नये म्हणून रोज पेट्रोल जाळत फिरा, हा सल्ला माझ्या उद्यमनगरच्या शेडमध्ये कुणा पोऱ्याने दिला असता तर मी त्याला चहा आणायला पाठवलं असतं.

आधी हिशेब करू. तुमच्या गाडीची बॅटरी साधारण 45 अँपिअर-तासांची असेल. गाडी लॉक करून अर्धा तास झाला की आतले सगळे मॉड्यूल, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर, झोपायला हवेत. मग जो करंट उरतो तो 50 मिलिअँपिअरच्या आत असावा, म्हणजे दिवसाला सव्वा अँपिअर-तासाहून कमी. चांगली गाडी अशी दोन-तीन आठवडे बिनघोर उभी राहते. तुमची चार दिवसांत मान टाकते. बॅटरी भरलेली होती असं धरलं तर करंट 300 मिलिअँपिअरच्या आसपास जात असणार. जवळच्या फेऱ्यांमुळे ती आधीच अर्धीमुर्धी असेल तर थोडा कमी, पण पन्नासाच्या वरच. नवी बॅटरी टाकून हे थांबत नाही. तळाला भोक असलेल्या हंड्यात पाणी ओतण्यासारखं आहे ते.

खातं कोण? हल्लीच्या गाड्यांत मोबाइलशी बोलणारं सिम असतं. घरबसल्या एसी लावा, गाडी कुठे आहे ते बघा, ही सगळी त्याची करामत. बेसमेंटमध्ये रेंज नसली की काही मॉड्यूल टॉवर शोधत जागेच राहतात. अमेरिकेत सुबारूच्या 2015 ते 2020 मधल्या आउटबॅक, फॉरेस्टर वगैरे गाड्यांच्या बॅटऱ्या उतरण्यावरून ग्राहक कोर्टात गेले आणि कंपनीला तडजोड करावी लागली. तेव्हा “मॅडम, तुमचीच गाडी अशी कशी?” असं कुणी विचारलं तर मनावर घेऊ नका.

मात्र सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी बाहेरून बसवलेला डॅशकॅम आणि स्टीअरिंगखालच्या सॉकेटमधला स्वस्तातला ट्रॅकर काढून ठेवा. नाहीतर पहिलं बोट त्यांच्याकडेच जाईल, आणि कधीकधी ते बरोबरही असतं. किल्ली गाडीजवळच्या खुंटीला टांगू नका. काही गाड्या तेवढ्यानेही जाग्या होत राहतात.

मग तिथे एकच मागणी करा : गाडी झोपल्यानंतरचा करंट माझ्यासमोर मोजा. बॉनेट उघडं ठेवून त्याचं लॉक स्क्रू-ड्रायव्हरने आत दाबायचं, म्हणजे गाडीला ते बंद आहे असं वाटतं. गाडी लॉक करून किल्ली लांब न्यायची, बॅटरीच्या निगेटिव्ह केबलभोवती क्लॅम्प मीटर (तार न सोडवता करंट मोजणारा चिमटा) लावायचा आणि चाळीस मिनिटं गाडीला हात लावायचा नाही. आकडा काही अँपिअरवरून पायरीपायरीने खाली येतो. 50च्या आत येऊन तिथेच थांबला, तर दोष बॅटरीचा किंवा चार्जिंगचा. खाली येऊन दर थोड्या वेळाने पुन्हा उसळला, तर कुणीतरी झोपत नाहीये. तो कोण, हे शोधायला फ्यूज उपटत बसणारा मेकॅनिक दिसला तर थांबवा. फ्यूज काढून घातला की मॉड्यूल जागं होतं आणि मोजमाप बिघडतं. प्रत्येक फ्यूजच्या दोन टोकांमधले मिलिव्होल्ट बघायचे, जिथे काही दिसेल तिथे चोर.

तो आकडा जॉब कार्डवर, म्हणजे तुमची तक्रार लिहितात त्या सर्व्हिस सेंटरच्या कागदावर, लिहून घ्या. माझा सगळा भर यावर आहे. अपडेट रखडायला खरी कारणंही असतात. सॉफ्टवेअर अनेकदा सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीचं असतं, ते प्रत्येक मॉडेलवर तपासावं लागतं. पण कोणतं काम आधी घ्यायचं हे कंपनी कागदावरच्या तक्रारी बघून ठरवते, आणि काउंटरवर तोंडी सांगितलेलं तिथे पोचतच नाही. अॅडव्हायझरने “जनरल चेकअप” असं लिहिलं तर सही करू नका. “चार दिवसांत बॅटरी उतरते, दुसऱ्यांदा” असं लिहायला लावा. त्या कार्डाचा फोटो जोडून कंपनीला ईमेल करा आणि या चेसिस नंबरसाठी काही तांत्रिक सूचना निघाली आहे का, ते लेखी विचारा.

तरीही ढिम्म राहिले तर ग्राहक हेल्पलाइन 1915. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथे, म्हणजे नाशिकलाच तक्रार करता येते. शोरूम कुठलं का असेना. 10 ते 20 लाखांच्या गाडीला फी 400 रुपये, मुदत दोन वर्षं. आयोग पहिल्यांदा विचारेल ते जॉब कार्डच.

प्रश्न : आमच्या इलेक्ट्रिक गाडीत एवढी मोठी बॅटरी आहे. मग छोटी बारा व्होल्टची उतरली म्हणून गाडी बंद कशी पडते? — एक वाचक, ठाणे

उत्तर : मोठी बॅटरी बंद गाडीत मुद्दाम तोडून ठेवलेली असते. तिला जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारे दणकट स्विच, ओढायला लागतात बारा व्होल्ट, आणि ते छोटीकडून येतात. ती गेली की मोठीचा काही उपयोग नाही. एरवी छोटीला मोठीतूनच चार्ज मिळतो. ते काम करणाऱ्या युनिटमध्ये दोष निघाल्याने ह्युंदाईने 2024 मध्ये भारतातल्या 1,744 आयोनिक 5 परत बोलावल्या होत्या. तुमच्या गाडीला रिकॉल आहे का, हे चेसिस नंबरवरून कंपनीकडे विचारता येतं. आणि आजच एक करा : रिमोटच्या पोटात लपवलेली लोखंडी किल्ली काढून तिने दार एकदा उघडून बघा. छोटी बॅटरी उतरली की रिमोटने दार उघडत नाही, आणि बऱ्याच गाड्यांत बॉनेटचा खटका असतो आत.