बोगद्यातून गाडी, गुहेत ब्रश

प्रश्न : मुलगी साडेतीन वर्षांची आहे. दात घासायचे म्हटलं की तोंड घट्ट मिटते. ‘सशासारखे दात पांढरे कर’ असं सांगून पाहिलं. दोन दिवस चाललं, मग पुन्हा तेच. काय चुकतंय?

सशाचं नाव घेतलं तरी तो उपदेशच राहतो आणि मुलांना ते लगेच कळतं. खेळ व्हायला मुलीच्या वाट्याला काहीतरी काम यावं लागतं. ब्रशला रखवालदार करा. तो गुहेत निघालाय, पण अंधारात त्याला काही दिसत नाही. ‘वर’, ‘मागे’, ‘अजून आत’ हे मुलीनं सांगायचं. रखवालदारानं आधी चुकावं, हनुवटीच घासायला लागावं. ती हसते, तोंड उघडतं, त्याच क्षणी ब्रश आत गेला पाहिजे. बहुतेकांची गाडी इथेच अडते: मूल हसलं म्हणून आणखी एक गंमत करतात, तेवढ्यात तोंड मिटतं.

बाकीचं काम नेहमीचंच. पेस्ट वाटाण्याएवढी, तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी. मुलीचं डोकं मांडीवर, वरचा ओठ बोटानं हलकेच उचललेला, ब्रश हिरडीकडे तिरका. गुहेचे चार कोपरे, प्रत्येकाला अर्धा मिनिट. चौथा कोपरा झाला की रखवालदार ‘झालं, निघतो’ म्हणून बाहेर. शेवट रोज हाच ठेवा, नाहीतर ‘अजून एकदा’ सुरू होतं. दोन दिवसांनी रंग उडतो तो गोष्ट शिळी झाल्यामुळे. कोपऱ्यांचा क्रम बदलू नका, फक्त आज गुहेत कोण लपलंय ते तिला ठरवू द्या.

प्रश्न : दोन वर्षांच्या मुलाला असले खेळ कळतात का? कपडे घालताना नुसती पळापळ असते.

कळतात, पण लांबलचक गोष्ट नको. साधारण दीड वर्षाचं मूल रिकाम्या कपातून पाणी प्यायल्याचा आव आणतं, तिथून सुरुवात होते. दोन वर्षांच्या मुलाला वस्तू डोळ्यांसमोर हवी आणि खेळ एका पायरीचा हवा. बाही म्हणजे बोगदा, हात म्हणजे गाडी. बाही आधी चुणून आखूड करा. मग मनगटाच्या बाजूनं तुमचा हात आत घाला, मुलाची बोटं धरून ओढा आणि बोटं दिसताच शिट्टी वाजवा. बाही न चुणता घातली तर बोटं मध्येच अडकतात, मूल हात मागे घेतं आणि खेळ रडण्यावर जातो.

मोज्यासाठी याहून सोपी युक्ती आहे. मोजा गंभीर चेहऱ्यानं स्वतःच्या कानाला लावा आणि ‘इथेच घालतात ना?’ असं विचारा. मोठ्या माणसाची चूक दुरुस्त करायला मिळते म्हटल्यावर पाय बहुधा आपणहून पुढे येतो.

अडीच वर्षांपर्यंत मूल बाहुलीला खोटं खोटं भरवणं, ठोकळ्याला गाडी म्हणणं यातलं काहीच करत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांच्या कानावर घाला.

प्रश्न : मुलगा पाच वर्षांचा आहे. खेळ सुरू केला की तो त्यातच रमतो आणि निघायला आणखी उशीर होतो.

खेळाचं तोंड कामाकडे नसलं की असं होतं. बैठकीच्या खोलीत अंतराळयान उभारलं तर मूल तिथेच बसणार. यान दाराबाहेर उभं आहे आणि बूट घातल्याशिवाय आत घेत नाहीत, असं असेल तर पावलं दाराकडे वळतील. कोण व्हायचं हेही कामाप्रमाणे ठरवा. रांगेत थांबायचं तर पहारेकरी, चालायचं तर टपाल पोचवणारा. झोपायच्या वेळी वाघ आणि विमानं नकोत, अंग तापतं आणि झोप लांबते. तेव्हा बिळात शिरणारं कासव बरं.

पहारेकऱ्याचं उदाहरण जुनं आहे. 1948 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सोव्हिएत अभ्यासात नुसतं ‘स्तब्ध उभा राहा’ म्हटल्यावर मुलं जितका वेळ उभी राहिली, त्याहून जास्त वेळ ती पहारेकरी होऊन उभी राहिली. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात चार आणि सहा वर्षांच्या मुलांना कंटाळवाणं काम दहा मिनिटं दिलं होतं. बॅटमॅनसारख्या आवडत्या पात्राच्या भूमिकेतली मुलं जास्त चिकाटीनं टिकली. ती स्वतःला ‘बॅटमॅन नीट काम करतोय का?’ असं विचारत होती. तुम्हीही हुकूम सोडण्याऐवजी ‘टपालवाल्याचा दुसरा बूट कुठाय?’ असं विचारून पाहा.

प्रश्न : सुनेला वाटतं मी नातवाशी खोटं बोलते. औषध ‘गोळी-चॉकलेट’ म्हणून देते, जेवला नाही तर बाहुली रडते म्हणते. यात वावगं काय? — एक आजी

आजी, औषधाच्या बाबतीत सूनबाईंचं बरोबर आहे. औषधाला खाऊ कधीच म्हणू नका. उद्या डबा हाती लागला तर तो खाऊ म्हणूनच खाईल. चमचा विमान होऊ शकतो, पण आत औषध आहे हे त्याला ठाऊक हवं. सीटबेल्ट आणि रस्ता ओलांडणं खेळावर सोडू नये: तिथे आधी हात धरायचा, खेळ नंतर. रडणारी बाहुली आणि बागुलबुवा हा धाक झाला. त्याऐवजी बाहुलीला खूप भूक लागू द्या आणि नातवाला तिला भरवू द्या. एक घास तिला, एक त्याला.

डॉक्टरांकडे जायचं असेल तर दोन-तीन दिवस आधी रोज पाच मिनिटं खेळा. पहिल्यांदा तो डॉक्टर, तुम्ही पेशंट. तुम्ही ‘आई गं’ म्हणा, तीनपर्यंत मोजा आणि ‘झालं’ म्हणा. मग अदलाबदल. ‘दुखणार नाही’ म्हणू नका. ‘टोचेल, मग संपेल’ एवढंच पुरे.

प्रश्न : मला नाटकं जमत नाहीत. दिवसभर हेच करायचं का?

नाही. दिवसात जिथे हटकून भांडण होतं अशा एक-दोन जागा निवडा, बाकी वेळी सरळ सांगा. आवाज काढायचा संकोच वाटत असेल तर खेळणं मुलाच्या कानाशी न्या आणि ‘हा काय म्हणतोय रे?’ विचारा. बोलायचं काम तो करेल. थकलेलं, भुकेलेलं किंवा हमसून रडणारं मूल खेळत नाही, तिथे आधी पोट आणि झोप बघा. काही मुलांना असले खेळ आवडतच नाहीत. त्यांना गाणं, नाहीतर कामांच्या क्रमाची भिंतीवरची चित्रं जास्त उपयोगी पडतात.