पुण्यात घरी खाऱ्या पाण्याची लहान टाकी करून क्लाउनफिश ठेवता येतील का?

तुमच्याकडे दीड फुटाची रिकामी काचेची टाकी आहे, तीत क्लाउनफिशची जोडी ठेवायची इच्छा आहे, आणि त्यासाठी अलिबागहून समुद्राचे पाणी कॅनमध्ये भरून आणले तर चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. मी पुण्यातच राहतो आणि गेली सात वर्षे माझ्या घरी खाऱ्या पाण्याची एक टाकी आहे. त्या अनुभवावरून सांगतो: क्लाउनफिश जरूर ठेवता येतील, मात्र ते त्या टाकीत आणि अलिबागच्या पाण्यात ठेवू नयेत.

आधी टाकीविषयी. १८ बाय १२ बाय १२ इंचांच्या टाकीत हिशेबाने ४२ लिटर पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात ३५ लिटरच उरते. पाणी जितके कमी, तितका त्यात होणारा प्रत्येक बदल वेगाने होतो. लहान टाकी सोपी असा आपला समज असतो, पण खाऱ्या पाण्याच्या बाबतीत तो नेमका उलटा ठरतो. जागा असेल तर २४ बाय १५ बाय १५ इंचांची टाकी करून घ्या. तीत साधारण ७५ लिटर पाणी राहते. भरलेल्या टाकीचे वजन शंभर किलोंच्या वर जाते, म्हणून ती लोखंडी स्टँडवर किंवा पक्क्या ओट्यावर, पाणसळीने पातळी तपासून आणि खिडकीच्या थेट उन्हापासून दूर ठेवावी.

आता पाणी. कोकण किनाऱ्याला खाड्यांमधून गाळ येतो, पावसाळ्यात नद्यांच्या पुरामुळे किनाऱ्याजवळच्या पाण्याची क्षारता बरीच उतरते, आणि मुंबईच्या आसपास सांडपाण्याची व होड्यांच्या तेलाची भर पडते ती वेगळीच. ते पाणी कॅनमध्ये भरून घाट चढवून आणले, तरी त्यात काय आहे हे घरी तपासता येत नाही. त्यामुळे टाकीसाठी मिळणारे तयार सागरी मीठच वापरावे. स्वयंपाकाचे किंवा मिठागरातले मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांपैकी सुमारे ८५ टक्के सोडियम क्लोराइड असले, तरी उरलेल्या भागातील मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट यांच्यावाचून ते पाणी सागरी जिवांना मानवत नाही.

हे मीठ ज्या पाण्यात घालायचे, ते पाणी स्वच्छ असणे मिठाइतकेच महत्त्वाचे आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि बोअरच्या पाण्यात क्षार. घरच्या पिण्याच्या आरओ यंत्रात चवीसाठी काही क्षार मुद्दाम राखलेले किंवा परत मिसळलेले असतात, म्हणून त्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्यावर येत नाही. आरओनंतर उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या डीआय रेझिनची एक नळी जोडली की तो शून्यावर येतो. दर लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मीठ लागते; पाकिटावरचे प्रमाण पाहावे. खाद्यपदार्थांसाठीच्या स्वच्छ पिंपात आधी पाणी घेऊन त्यात थोडे थोडे मीठ सोडावे आणि लहान पंपाने ते दिवसभर ढवळत ठेवावे. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या. दर हजार भागांत ३५ भाग क्षार, म्हणजेच विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास, हे आपले लक्ष्य.

नवख्यांच्या टाक्या बहुधा बाष्पीभवनामुळे बिघडतात, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. टाकीतून पाणी उडून जाते, पण मीठ मागे राहते. ७५ लिटरच्या टाकीतून रोज एक लिटर पाणी उडाले आणि आठवडाभर कोणी लक्ष दिले नाही, तर सात दिवसांत क्षारता ३५ वरून ३८ च्या पुढे जाते. अशा वेळी पाणी कमी झाले म्हणून खारे पाणी ओतले तर ती आणखी चढते. उडालेल्या पाण्याची भर नेहमी गोड्या, म्हणजे टीडीएस शून्य असलेल्या पाण्यानेच घालायची. खारे पाणी फक्त पाणी बदलताना वापरायचे. काचेवर बाहेरून एक रेघ मारून ठेवा आणि रोज सकाळी पाणी त्या रेघेपर्यंत आणा. मी अजून हेच करतो.

आपल्याकडचा उन्हाळा हा याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे. एप्रिल-मे महिन्यांत बंद खोलीतल्या टाकीचे पाणी ३१-३२ अंशांपर्यंत सहज तापते, आणि क्लाउनफिशला २४ ते २८ अंश बरे. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि खाऱ्या पाण्यात तर गोड्यापेक्षाही कमी, त्यामुळे उन्हाळ्यात मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकताना दिसतात. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा येईल असा लहान पंखा लावला की तापमान दोन-तीन अंशांनी उतरते, पण त्याच हिशेबाने बाष्पीभवन वाढते आणि रोजची भर दुप्पटही होऊ शकते. पावसाळ्यात हवा दमट असताना पंख्याचा उपयोग कमी होतो. चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, घेतला तर हा प्रश्न सुटतो. मात्र तो महाग असतो आणि वीज खातो.

टाकीत वाळू, दगड, फिल्टर, पाण्याला खेळते ठेवणारा वेव्हमेकर आणि खारे पाणी आले, म्हणजे ती माशांसाठी तयार झाली असे मात्र नाही. माशांच्या विष्ठेतून, श्वसनातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे त्या नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जिवाणू दगडांवर आणि वाळूत पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. खाऱ्या पाण्याचा सामू (pH) ८.१ ते ८.४ असतो आणि सामू जितका जास्त, तितका अमोनियाचा विषारी अंश अधिक, म्हणून गोड्या पाण्यात जे कदाचित निभावून जाते ते इथे जात नाही. माझ्या पहिल्या टाकीच्या वेळी एका दुकानदाराने जिवाणूंची बाटली दिली आणि दहा दिवसांत मासे सोडायला सांगितले. अकराव्या दिवशी सोडलेले दोन्ही क्लाउनफिश चार दिवसांत गेले. त्यांचे कल्ले भराभर हलताना मी पाहत होतो आणि काय करावे ते मला कळत नव्हते. त्या दोन जिवांचे मला आजही वाईट वाटते, आणि हे उत्तर इतके लांबवण्याचे कारणही तेच आहे.

म्हणून रिकाम्या टाकीत सोललेल्या कोळंबीचा एक लहान तुकडा टाका, तो कुजू द्या आणि दोन-तीन दिवसांनी एकदा अमोनिया व नायट्राइट तपासा. दोन्ही आधी चढतील, मग उतरतील. पुन्हा थोडा अमोनिया दिल्यावर चोवीस तासांत दोन्ही शून्यावर आले, तर टाकी तयार झाली असे समजावे. मध्यंतरी काचेवर आणि वाळूवर तपकिरी थर येईल. त्याने घाबरू नका, तो बहुधा आपोआप ओसरतो.

दगड घेताना कायद्याचा विचार करावाच लागेल. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये दगडी प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांचा समावेश करण्यात आला. समुद्रातून काढलेले प्रवाळाचे तुकडे कोणी ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकत असेल, तर ते घेऊ नका. समुद्रघोडेही घेऊ नका. भाजलेल्या मातीचे, मुद्दाम सच्छिद्र बनवलेले कृत्रिम दगड मिळतात आणि जिवाणू त्यांवरही तितकेच चांगले वाढतात. त्यामुळे तुमची टाकी प्रवाळाविना, फक्त माशांची राहील, आणि पहिल्या टाकीसाठी मला तेच योग्य वाटते.

क्लाउनफिश पैदाशीचेच मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्या देशात या माशांच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घेण्याचे कारण उरत नाही. पैदाशीचा मासा दाणेदार खाद्य खातो आणि टाकीत लवकर रुळतो. समुद्रात तो ज्याच्या आश्रयाने राहतो ते समुद्रफूल (सी ॲनिमोन) त्याला टाकीत लागतेच असे नाही. एक मोठा आणि एक लहान असे दोन कोवळे मासे एकदमच घ्या. हे मासे जन्मतः नर असतात आणि जोडीतला मोठा मासा पुढे मादी होतो. दोन प्रौढ माद्या एकत्र आल्या तर एक दुसरीला जगू देत नाही. ७५ लिटरमध्ये ही जोडी आणि फार तर एखादा लहान गोबी मासा, एवढेच. निळा टँग मासा दुकानात दोन इंचांचा दिसला, तरी तो फूटभर वाढतो; त्याला आपल्या घरात जागा नाही.

दर आठवड्याला सात-आठ लिटर पाणी बदला. नवे पाणी आदल्या दिवशी कालवून ठेवा आणि ओतण्यापूर्वी त्याची क्षारता व तापमान टाकीशी जुळवून घ्या. खाद्य दिवसातून दोनदा, एक-दोन मिनिटांत संपेल इतकेच द्या. आणि मासे आणण्यापूर्वी बॅटरीवर चालणारा एक हवेचा पंप घेऊन ठेवा, कारण मे महिन्यात दुपारी तीन-चार तास वीज गेली, तर टाकीत प्राणवायू पोहोचवण्याचा दुसरा मार्ग तुमच्या हातात नसेल.