जन्मठेप म्हणजे नेमकी किती वर्षं?

प्रश्न असा आला आहे: जन्मठेप 14 वर्षांची असते, मग बातम्यांत 'मरेपर्यंत जन्मठेप' का छापतात? ही द्विरुक्ती नाही का?

आधी 14 चा घोळ. जन्मठेप म्हणजे जन्मभर, हे सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्येच गांधीहत्येत जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे यांच्या याचिकेवर सांगून ठेवलंय. सरकारने शिक्षा कमी केली नाही, तर कैदी शेवटपर्यंत आत. 14 हा आकडा पक्का झाला तो 1978 साली फौजदारी प्रक्रिया संहितेत घातलेल्या कलम 433-अ मुळे (आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 475). ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्याला 14 वर्षं भरल्याशिवाय सोडायचं नाही, एवढंच ते सांगतं. ही किमान मर्यादा. लोकांनी ती कमाल करून टाकली. ही 14 वर्षं मोजताना चांगल्या वर्तनाची माफी धरत नाहीत, कच्च्या कैदेतले (निकालाआधी तुरुंगात काढलेले) दिवस मात्र धरतात.

ही 'माफी'ही फसवी. तुरुंगात माफी म्हणजे शिक्षेतून वजा होणारे दिवस. गुन्हा माफ होत नाही. बातमीत 'शिक्षेत सूट' लिहिलं तर निम्मा संताप वाचेल. (माफीचा साक्षीदार हे प्रकरण आणखी निराळं.)

कुणी 20 वर्षं म्हणतात. तो आकडा कायद्यात आहे, पण फक्त अपूर्णांक काढण्यापुरता: गुन्ह्याच्या प्रयत्नाला जन्मठेपेच्या निम्मी शिक्षा द्यायची, तर 20 चे निम्मे 10.

आता 'मरेपर्यंत'. 2013 पासून बलात्काराच्या काही गंभीर प्रकारांत जन्मठेप म्हणजे 'उर्वरित नैसर्गिक आयुष्य' असं कलमातच लिहिलेलं आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या श्रद्धानंद खटल्यातल्या निकालापासून फाशीऐवजी 'सूट न देता 30 वर्षं' किंवा आयुष्यभर, अशीही शिक्षा वरिष्ठ न्यायालयं देतात. राष्ट्रपती-राज्यपालांचा दयेचा अधिकार तेवढा शाबूत राहतो. म्हणजे शब्दार्थाने द्विरुक्ती खरी, पण बातमीदाराने 'मरेपर्यंत' गाळला तर निकालच चुकीचा कळेल. 'दुहेरी जन्मठेप' मात्र आज एकापाठोपाठ एक भोगता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निकालाने ते मिटवलं. सावरकरांच्या दोन जन्मठेपांची 50 वर्षं झाली ती काळ्या पाण्याची जन्मठेप 25 वर्षांची धरत म्हणून.

महाराष्ट्रात खात्याचं नाव 'कारागृह व सुधारसेवा'. त्यातली सुधारणा जन्मठेपेच्या बंद्याच्या बाबतीत खरी तपासली जाते ती सूट देताना. तेव्हा शिक्षा सुनावणाऱ्या न्यायालयाच्या पीठासीन न्यायाधीशांचं मतही सरकारला मागवावं लागतं, आणि ते सकारण असावं लागतं.